शंभरावा धडा

कोमलच्या आजीचा, सरुबाईचा फोन आला तेव्हा नसीमबाई कामशेतच्या घरी सकाळच्या गोळ्या घेऊन नुकत्याच टेकल्या होत्या.

"बाई, पोरगी बोलायच्या आदी दम खाते वो. विंग्रजीतच न्हाई. 'आज्जी, भाकर दे' म्हनायचं तरी आदी आत वढते, मग बोलते. मला वाटलं, कुनाची नजर लागली."

"सर्दी असेल, सरुबाई."

"सर्दी न्हाई. तुमी येऊन बघा. तुमचीच पोरगी हाय ती."

'तुमचीच' हा शब्द बाईंना लागला. बाईंना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती आणि कोमल अकराचीच होती. त्यांनी तिला कधी शिकवलंच नव्हतं. पण पवना धरणाच्या काठच्या त्या वाडीतली वीस मुलं रोज टॅबवर बाईंच्याच आवाजात इंग्रजी उच्चार शिकत होती, हे मात्र खरं.

मावळातल्या पोरांना मावळातल्याच बाईंचा आवाज हवा, असं म्हणत पुण्याची एक कंपनी त्यांच्या दारी आली होती. मागच्या हिवाळ्यात लोणावळ्याला, भिंतींना स्पंज लावलेल्या एका खोलीत बसून बाईंनी धडे बोलून दिले. पोरांनी ऐकायचं, तसंच म्हणायचं. जुळलं तर हिरवी खूण, नाही तर लाल. साठ धडे झाले आणि बाईंना दम पुरेना. तळेगावच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप खराब झाल्याचं सांगितलं. कंपनीचा मुलगा म्हणाला, "राहू द्या, मॅडम. उरलेले चाळीस मशीन बनवेल, तुमच्याच आवाजात." तेव्हा बाईंना हायसं वाटलं होतं.

बाई जीपनं वाडीवर पोचल्या. शाळेतला गौरव गुरुजी त्यांचाच जुना विद्यार्थी. तो धावत पुढे आला.

"बाई, तुम्हाला छडीनं जमलं नाही ते टॅबनं करून दाखवलं बघा!"

"मी कुठं मारत होते रे? तुला एकदाच मारलं, तेही पेरू चोरलेस म्हणून."

"पेरू कच्चे होते, बाई. मार मात्र पिकलेला होता."

बाई हसल्या आणि पिशवीतून पतंगाच्या कागदाच्या पट्ट्या काढून पोरांना वाटल्या. चाळीस वर्षं त्यांनी याच पट्ट्यांवर उच्चार शिकवला होता. पट्टी ओठांसमोर धरायची आणि 'पेन' म्हणायचं. इंग्रजीतला प नीट फुटला की कागद पुढे उडतो. त्या काळची पोरं उडालेल्या पट्ट्यांमागे वर्गभर पळायची, आणि शेजारच्या वर्गातले गुरुजी भिंतीवर थाप मारायचे.

"म्हणा, पेन."

वीस पट्ट्या आधी आत ओढल्या गेल्या. ओठांना चिकटल्या. मग उडाल्या. सगळ्या एकदम.

कुणी हसलं नाही. एकही पोर पट्टीमागे पळालं नाही.

बाईंनी गौरवकडचा टॅब मागून घेतला आणि कानाशी धरला. पहिल्या धड्यात त्यांचा आवाज स्वच्छ होता. तिसाव्यात शब्दाआधी बारीकसा श्वास होता. साठाव्यात तो लांबला होता, खाली शिट्टीसारखी घरघर. तिथवर त्यांचं स्वतःचंच बोलणं. पण सत्तरावा, ऐंशीवा, नव्वदावा? ते तर त्यांनी बोललेच नव्हते, आणि प्रत्येक धड्याला श्वास आणखी थोडा लांबत गेला होता. हा आवाज कुठल्या वाटेला लागलाय ते मशीननं ओळखलं होतं आणि त्याच वाटेनं ते पुढे गेलं होतं. डॉक्टरांनी जे सांगायचं टाळलं, ते नव्वदाव्या धड्यात साफ ऐकू येत होतं.

"गौरव, हे बंद कर."

"श्वास घेतला नाही तर लाल येतं, बाई. पोरांनी बरोबर ताडलं. आणि रोज तासभर चालवावंच लागतं, पुण्यात त्यांना दिसतं ते. शिवाय आज कोमलचा शंभरावा आहे! सगळ्यांच्या पुढे पोरगी."

"शंभरावा कुणी ऐकलाय?"

"अजून कुणीच नाही."

बाई वळल्या. कोमल पहिल्या बाकावर वेणी दातात धरून बसली होती, आणि तिचं बोट टॅबवर टेकलेलंही होतं.

"कोमल, थांब!"

धडा सुरू झाला. बाईंच्या आवाजानं श्वास आत ओढला. लांब, फार लांब. आणि शब्द आलाच नाही. टॅब गप्प झाला. पडद्यावर अक्षरं उमटली : आता तू म्हण.

कोमलनं वेणी सोडली. तसाच श्वास ओढला, तेवढाच लांब, आणि तिथंच थांबली. गुणी पोर, ऐकलं त्याच्यापलीकडे काही करायची नाही. छाती वर आलेली, डोळे खुणेवर. ओठांची कड जांभळी पडत चालली तरी ती थांबून होती.

हिरवी खूण उमटू लागली.

बाईंनी तिच्या पाठीत थाप मारली, घास अडकलेल्या पोराला मारावी तशी. "सोड! सोड, बाळा, सोड!"

कोमलच्या तोंडून हवा फुटली, खोकला आला. खूण लाल झाली. ती ढसाढसा रडू लागली. "बाई, माजं झालं असतं वो! हिरवं येत हुतं!"

"नको मला ते हिरवं," बाई म्हणाल्या आणि तिला पोटाशी धरलं. तिच्या पाठीवर हात ठेवून त्या मोजत राहिल्या. आत, बाहेर. आत, बाहेर.

मग त्यांनी मान वर केली. मागच्या बाकांवर पोरांनी माना टॅबवर घातल्या होत्या. कोमल हरली म्हटल्यावर सगळ्यांनाच घाई झाली होती. कुणी अठ्ठ्याण्णवाव्या धड्यावर होतं, कुणी नव्व्याण्णवाव्या.

"गौरव, काढून घे सगळ्यांचे. पुण्याला माझं नाव सांग."

गौरव जागचा हलला नाही. तो कोमलच्या ओठांकडे बघत होता.

बाई उठल्या. पहिल्या पोराच्या हातातून टॅब ओढून घेतला, आणि तेवढ्यानंच त्यांना बाक धरून दम खायला थांबावं लागलं. अजून अठरा पोरं बाकी होती.