ताईचं प्रोफाइल हलवताना

सर्व्हरची डिस्क भरत आली की आधी लाल पट्टी दिसते आणि मग साहेब दिसतात. त्या दिवशी दोन्ही एकदमच दिसले.

"किती दिवस सांगतोय, जुनं काढून टाका म्हणून," साहेब दारातूनच म्हणाले. आमचे साहेब उंटावरून शेळ्या हाकतात. खाली उतरतात ते फक्त काही बंद पडलं तर. "आज हा सर्व्हर बसला तर मालाची एक गाडी बाहेर पडणार नाही. संध्याकाळपर्यंत जागा करा."

मी पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. फार शिकलेली नाही, पण वासरांत लंगडी गाय शहाणी. आमच्याकडे सगळे एकाच सर्व्हरवर काम करतात. टेबलावर नुसता पडदा आणि कीबोर्ड, बाकी सगळा संसार माझ्या खोलीतल्या त्या गुरगुरणाऱ्या पेटाऱ्यात. त्यात प्रत्येकाचं एक घर असतं, प्रोफाइल म्हणतात त्याला. त्याच्या फाइली, त्याच्या पोरांचे फोटो, त्याची खुणा करून ठेवलेली पानं. ही सगळी घरं जुन्या डिस्कवर दाटीवाटीनं बसली होती आणि शेजारी मी भांडून आणलेली नवी डिस्क रिकामी होती. एकेक घर उचलायचं, तिकडे ठेवायचं, सर्व्हरला नवा पत्ता सांगायचा. एवढंच काम.

अट एकच: घर हलवताना आत माणूस नको. असला तर अर्धं सामान इकडे राहतं, अर्धं तिकडे, आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हर त्या माणसाला ओळखतच नाही. कोरं, तात्पुरतं घर देतो. मागे एकदा आमच्या हिशेबनिसांचं तसं झालं, तर घर लुटल्यासारखे कपाळाला हात लावून बसले होते.

म्हणून मी कानीकपाळी ओरडते की जाताना नीट लॉग ऑफ करा. पालथ्या घड्यावर पाणी! सगळे कोपऱ्यातली फुली दाबून घरी जातात. फुलीनं पडदा मिटतो, पण आतलं सगळं होतं तसं चालूच राहतं. मग मला एकेकाला शोधून बाहेर काढावं लागतं.

दुपारपर्यंत सगळ्यांना हलवलं. ताई राहिली.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. खाली रवानगीच्या काचेच्या केबिनमध्ये बसायची. मला या नोकरीला चिकटवलं तेही तिनंच. एक दिवस डोकं दुखतंय म्हणून नेहमीसारखी फुली दाबून उठली, ती परत आलीच नाही; त्याच रात्री गेली. त्याला वर्ष होत आलं. बंद केला तर पुन्हा चालू होणार नाही या भीतीनं साहेबांनी सर्व्हर कधी बंद करू दिला नाही, त्यामुळे तिचं सेशन, म्हणजे तिनं अर्धवट सोडलेलं काम, आत तसंच चालू राहिलं. ते संपवणं, तिचं खातं काढून टाकणं माझं काम होतं. नाही केलं. का, ते विचारू नका.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, इथेच गोदामात फोर्कलिफ्ट चालवतात. ती गेल्यापासून कामापुरतंसुद्धा तोंड उघडत नाहीत. मी रोज डबा पोचवते, तो तसाच परत येतो. मध्यंतरी छातीत दुखून पडले, तेव्हा डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं, "गोळ्या अशाच चुकवल्यात तर पुढच्या वेळी आमच्या हातात काही नसेल." भाऊजींनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसले. त्या दिवसापासून फोन वाजला की मी आधी तो गोदामातून तर नाही ना ते बघते.

तर ताईचं सेशन. यादीत तिच्या नावापुढे नेहमी 'पडदा बंद' असं दिसायचं. एरवी जेवणाच्या सुट्टीत मी यादी बघत नाही; त्या दिवशी, आता एकदाचं उरकून टाकू म्हणून उघडली. ताईच्या नावापुढे लिहिलं होतं, 'चालू'.

मी दोनदा डोळे चोळले. तरी चालूच.

इथे आमची एक पद्धत सांगायला हवी. खाली मशीनचा एवढा धडधडाट असतो की फोनवर बोलणं म्हणजे नुसती बोंबाबोंब. म्हणून कुणाचं काही अडलं की मी वरूनच त्याचा पडदा माझ्याकडे उघडते. त्याला दिसतं ते मला दिसतं, आणि दोघांनाही त्यात लिहिता येतं. मग एक कोरं पान उघडून आम्ही त्यावर लिहून बोलतो, इंग्रजी अक्षरांत मराठी. कुणी काय लिहिलं हे त्यावर कळत नाही, पण लिहिणाऱ्या दोघांना ते माहीतच असतं. ताई आणि मी तर दिवसभर बोलायचो. त्यात कामाचं कमी आणि टवाळकीच जास्त.

मी तिचा पडदा उघडला. आमचं शेवटचं पान अजून समोर होतं.

प्रिंटर परत अडकला
कागद काढून बघ
काढला
मग डोकं काढून बघ
माझं की त्याचं?
दोघांचं
राहू दे, उद्या बघू

आणि त्या ओळींवरून बाण फिरत होता. सावकाश, डावीकडून उजवीकडे, एक ओळ संपली की दुसरी. आजी पोथी वाचताना बोट फिरवायची तसा.

माझी पाचावर धारण बसली. कुणीतरी आत शिरलंय, खातं बंद कर, एवढं साधं डोकं चालायला हवं होतं. ते चाललं नाही. मी पानाच्या तळाशी लिहिलं:

कोण आहे?

बाण जागीच थांबला. मग एकेक अक्षर उमटलं.

मी गं

माझ्या दाराची कडी वाजली की मी आतून 'कोण आहे' म्हणून ओरडायचे, आणि ताई बाहेरून हेच म्हणायची. अंगावर सरसरून काटा आला. पण खरं सांगते, भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला. मी, जिला सर्व्हरची नस न् नस ठाऊक आहे, ती मी त्या क्षणी मान्य करून बसले की ताई आत आहे, वर्षभर आतच होती, आणि मीच बावळट, कधी हाक मारली नाही.

कुठे आहेस? मी लिहिलं.

इथेच. तुझ्या जागेवर. तू कुठे आहेस?

'तुझ्या जागेवर.' मी ते पुन्हा वाचलं आणि हवा गेलेल्या फुग्यासारखी खुर्चीत बसले. ताईच्या जागेवर बसून ताईला 'मी गं' म्हणणारा माणूस या जगात एकच होता. गेटपास छापायला ती भाऊजींना आपला पासवर्ड ओरडून सांगायची, अख्ख्या गोदामाला तो पाठ होता. पण ही आमची लिहून बोलायची पद्धत त्यांना कशी माहीत असणार? दिवसभर फोर्कलिफ्टवर असलेला माणूस. त्यांच्या समोर बायकोच्या पानावर आपोआप अक्षरं उमटत होती.

भाऊजी, मी धाकटी, असं लिहायचं मी ठरवलं. लिहिलं मात्र वेगळंच. रोज डबा देताना तोंडात येतं तेच बोटांत आलं.

जेवलात का?

नाही

गोळ्या?

संपल्या. आणल्या नाहीत

आता खरं सांगायलाच हवं, असं म्हणून मी हात उचलला, तेवढ्यात त्यांनी पुढचं लिहिलं.

मी पण येऊ का?

कसंबसं 'नको' एवढं लिहिलं आणि मी जिन्याकडे पळाले. चप्पल वरच राहिली. खाली मशीन धडधडत होतं, कुणीतरी मला काहीतरी विचारलं, मी ऐकलंच नाही. केबिनचं दार ढकललं.

भाऊजी ताईच्या खुर्चीत पाठमोरे बसले होते. दाराच्या आवाजानं वळले. त्यांचा तसा चेहरा मी एकदाच पाहिला होता, त्यांच्या लग्नात, ताई मांडवात आली तेव्हा. मग त्यांना मी दिसले.

"तू होय," ते म्हणाले.

"मीच होते भाऊजी. वरून लिहीत होते. ताई न् मी असंच बोलायचो, या आवाजात ऐकू येत नाही म्हणून."

ते पडद्याकडे बघत राहिले. "हे वरचं? प्रिंटरचं?"

"ते आम्ही दोघी."

"मला वाटायचं, एकटीच बोलायची स्वतःशी. रोज सुट्टीत वाचतो मी." मग हळूच म्हणाले, "यातलं तिचं कुठलं?"

मी वाकून बोटानं दाखवलं. 'माझं की त्याचं' हे तिचं आहे म्हटल्यावर त्यांच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. 'राहू दे, उद्या बघू' हेही तिचंच. त्यांचं बोट माझ्या बोटामागून खाली सरकत आलं.

"जेवलात का?"

"ते माझं."

बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. "आणि 'नको'? तो पण तूच?"

एक शब्द. तेवढा ताईच्या नावावर खपवला असता, तर त्यावर हा माणूस वर्षानुवर्षं जगला असता. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मला राग आला. न सांगता गेलेल्या ताईचा, परत आलेल्या सगळ्या डब्यांचा, आणि या माणसाचा, ज्याला माझ्या तोंडचं काही ऐकूच येत नव्हतं.

"हो, मीच," मी म्हणाले. "तो तिचा नाही, माझा आहे. ती कुणाला विचारून गेली नाही. तुम्ही विचारलंत ना? मग ऐका. नको. तुम्ही पण गेलात तर मला कोण आहे?"

मी रडत होते हे मला तेव्हा कळलं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा, खिडकीतून बघावं तसं आरपार नाही, माझ्याकडे. मग ते पडद्याकडे वळले आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तितक्या साध्या आवाजात म्हणाले,

"ऐकलंस का गं? धाकटी नको म्हणतेय."

पडद्यावर काही उमटलं नाही. खोटं कशाला बोलू, आम्ही दोघांनी वाट पाहिली. मग भाऊजींनी एका बोटानं, एकेक अक्षर मागे घेत, आपला प्रश्न खोडला.

"आता कर बंद," ते म्हणाले.