एकोणीस घरांचा अंगठा

पाडा जगायला गेला होता. आमच्या मोखाड्यात असंच म्हणतात. भात झोडून झालं की बायकापोरांसकट भिवंडीकडं वीटभट्टीवर जायचं, म्हणजे जगायला जायचं. मागं राहिली म्हातारी फागी. तिच्या ताब्यात एकोणीस घरांच्या कोंबड्या नि एकोणीस घरांची रेशनकार्डं.

जाताना तिचा लेक रघ्या एवढंच सांगून गेला होता, "आये, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत पाड्याला विहीर माग."

सव्वीस जानेवारी म्हणे! पंधरा ऑगस्टला अख्खा पाडा घरी असतो, तेव्हा विहिरीचा विषय निघत नाही. तेव्हा जिकडंतिकडं पाणी असतं ना! पाडा भट्टीवर चिखल तुडवायला गेला, की मग पंचायतवाल्यांना विहीर आठवते.

फागीनं ओढ्यात खणलेल्या झिऱ्यावर वाटीवाटीनं एक हंडा भरला, कार्डांचं गाठोडं काखोटीला मारलं नि दोन डोंगर उतरून पंचायतीत आली. दाराशी शिपायानं वही पुढं केली, "हजेरीचा अंगठा लाव." तिनं हौसेनं लावला. पाड्याचं कुणीतरी आलं, हे कागदावर दिसू दे, असं तिला वाटलं.

ग्रामसेवकानं ठराव वाचला. विहीर रस्त्याकडच्या मूळगावात.

फागी उठली. "भाऊसाहेब, मूळगावात दोन विहिरी हायेत. आमच्यात एक पण नाय."

"तुमच्या पाड्याची माणसं कुठायत?" सरपंच देवरामनं विचारलं.

तिनं गाठोडं सोडून कार्डं मांडली. वाचता येत नव्हतं, पण तेलाच्या डागावरनं, उंदरानं कुरतडलेल्या कोपऱ्यावरनं तिला घर कळायचं. "ही सोमी. ही सुकरी. हा माझा रघ्या."

लोक हसले. "बाई, कार्डं हात वर करत नाहीत," ग्रामसेवक म्हणाला. "आणि ठराव एकमतानं झालाय. तुमचाही अंगठा आहे की."

"तो हजेरीचा."

"वर हजेरी, खाली ठराव. अंगठा एकच चालतो."

फागीच्या मस्तकात तिडीक गेली. पोटासाठी गाव सोडणाऱ्यांना इथं कुणी मोजत नाही, नि जी एक आली तिच्याच अंगठ्यानं पाड्याचं पाणी तोडतात. मेल्यांना लाज कशी नाही!

"पुसा तो."

"पुसता येत नाही."

"बरं," म्हणत तिनं वही नि शाईचा पॅड पुढ्यात ओढला. एकेक कार्ड उचलायची, नाव घ्यायची, नि ठरावाच्या अक्षरांवर अंगठा दाबायची. देवराम खुर्चीतून उठेपर्यंत एकोणीस झाले. ठरावातलं एकही अक्षर वाचता येईना.

"फाडा ते पान," देवराम म्हणाला.

"फाडता येत नाही," ग्रामसेवक म्हणाला. "पानांवर छापील नंबर आहेत. तालुक्याला वही दाखवावी लागते."

"मग दाखवा," फागी म्हणाली. "इचारलं, तर सांगा पाडा आलेला. नि शिमग्याला माणसं येतील, तेव्हा परत सभा घ्या."

अंगठा तिनं पंचायतीच्या पांढऱ्या भिंतीला पुसला. कार्डं बांधली नि झपझप निघाली. एकोणीस घरांच्या कोंबड्यांना पाणी पाजायचं राहिलं होतं.