नक्षी कुणाच्या नावावर

रविवारी सकाळी मोठ्या वहिनींचा फोन आला. धाकटीनं माझा पासवर्ड बदललाय, येऊन बघा, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवूनही दिला.

मी एका इस्पितळात संगणकांची देखभाल करते, त्यामुळे माहेरी काहीही बिघडलं, अगदी पंखा का असेना, की मला बोलावणं येतं. माझ्या दोन्ही भावांच्या बायका घराच्या पुढच्या खोलीत भरतकामाचा धंदा करतात. टाके घालायला मशीन आहे, पण टाका कुठून कुठे जायचा ते आधी संगणकावर आखावं लागतं. तो संगणक लिनक्स घालून मीच बसवून दिला होता. दोघींची दोन खाती, आणि आखलेलं सगळं ठेवायला ‘नक्षी’ नावाचं एक सामाईक फोल्डर. सगळ्यावर हुकूम चालवायची मुभा मात्र मी फक्त मोठ्या वहिनींच्या खात्याला दिली होती. थोरल्या म्हणून.

मी पोचले तेव्हा दोघी एकमेकींकडे पाठ करून काम करत होत्या. मोठ्या वहिनी धाग्याची रिळं रंगवार लावत होत्या आणि धाकटी हवं ते रीळ मधूनच उपसत होती. गुरुवारी धाकटीनं सांगून टाकलं होतं की ती बाहेर खोली घेऊन वेगळं काम करणार. तेव्हापासून अबोला.

मोठ्या वहिनींनी माझ्यासमोर पासवर्ड घातला. पडदा काळा झाला, उघडतंय असं वाटलं, आणि पुन्हा नाव विचारणारी पाटी हजर.

“बघितलंत? जायच्या आधी माझं दार बंद करून चाललीय.”

“माझं तरी कुठे उघडं आहे?” धाकटी भिंतीला सांगावं तसं म्हणाली. तिचं खातं चालत होतं, पण ‘नक्षी’वर बोट ठेवलं की परवानगी नाही असं येत होतं.

मी मोठ्या वहिनींना समजावलं की पासवर्ड चुकला असता तर चुकला असं सरळ लिहून आलं असतं. इथे तो पटतोय, आणि पटल्यावर बाहेर ढकललं जातंय. म्हणजे किल्ली बरोबर आहे, घोळ आतल्या घरात आहे. हे त्यांना आवडलं नाही. आता तुम्ही पण तिचीच बाजू घ्या, म्हणाल्या.

चित्रांचा पडदा बाजूला सारून मी नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर गेले आणि आत काय आहे ते पाहिलं. मोठ्या वहिनींच्या खात्याच्या सगळ्या फायलींवर मालक म्हणून रूटचं नाव होतं. रूट म्हणजे त्या संगणकाचा सर्वाधिकारी. ‘नक्षी’चंही तेच, आणि इतर कुणालाही आत यायची बंदी. हे आपोआप होत नाही. कुणीतरी हुकूम द्यावा लागतो, आणि कुणी दिला ते संगणक लिहून ठेवतो.

शुक्रवारी दुपारी, जेवायच्या जरा आधी, लागोपाठ दोनदा. दोन्ही वेळा मोठ्या वहिनींच्या खात्यातून.

मला गप्प राहता आलं असतं. दुरुस्त करून, काहीतरी बिघाड होता म्हणून निघता आलं असतं. पण दोन दिवस धाकटीला चोर ठरवून झालं होतं, आणि हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी पडदा दोघींकडे वळवला आणि वाचून दाखवलं.

मोठ्या वहिनी ओशाळल्या नाहीत. मोबाईलवर बघून केलं, म्हणाल्या. ‘नक्षी’ला कुलूप घालायचं होतं. पहिल्यांदा चुकून स्वतःच्याच खात्याला घातलं, मग नीट ‘नक्षी’ला.

“आणि बोंब माझ्या नावानं,” धाकटी म्हणाली. “जाऊबाई, शोभतं हे तुम्हाला?”

एरवी ती त्यांना ताई म्हणते.

“तू अकरा वर्षांचं काम उचलून चालली होतीस, ते शोभत होतं?”

मग धाकटी माझ्याकडे वळली. “हुकूम त्यांच्याच हातात कुणी दिला होता, वन्सं?”

मी पुन्हा पडद्याकडे वळले.

मोठ्या वहिनींचं खातं दहा मिनिटांत सुरू झालं. खरी पंचाईत पुढेच होती. पूर्वी ‘नक्षी’तल्या प्रत्येक फायलीवर ती आखणारीचं नाव होतं. त्या एका हुकमानं सगळी नावं पुसून रूटचं नाव लागलं होतं. पेनड्राइव्हवर प्रती होत्या, पण त्यात नावं उतरलेली नव्हती. कुठली कुणाची, हे आता या दोघींनाच विचारावं लागणार होतं.

मी एकेक नक्षी उघडायची आणि त्यांनी सांगायचं. द्राक्षांचा वेल थोरलीचा. शाळेचा बिल्ला धाकटीचा. नांगर, बदकं, कोपऱ्यातली फुलं. दर फायलीला टोमणा. हिची फुलं धुतली की आक्रसतात. ह्यांची बदकं कोंबड्यांसारखी दिसतात. तरी खोटं एकीनंही सांगितलं नाही. एकदा तर मी कमळ धाकटीच्या नावावर करत होते, तेव्हा धाकटीच म्हणाली, “ते त्यांचं आहे. मला इतकं बारीक जमत नाही.” मोठ्या वहिनींनी मान वर केली नाही, पण त्यानंतरच्या तीन फायलींना टोमणा आला नाही.

गाडं अडलं ते हॉटेलच्या टॉवेलवरच्या निळ्या पक्ष्यापाशी. काढला थोरलीनं होता. पण पंखाशी धागा दरवेळी तुटायचा, म्हणून टाके धाकटीनं पहिल्यापासून नव्यानं घातले होते. नावं दोन, आणि मालक एकच लिहिता येतो. मी म्हटलं, दोघींना एक गट करते, दोघींनाही बदलता येईल. नको. दोन प्रती करते. तेही नको, कारण हॉटेलवाला एकीकडेच येणार. अर्धा तास गेला. कुणीच मागे हटेना.

शेवटी मी वैतागले. माझं एक नवं खातं उघडलं आणि त्या पक्ष्यावर मालक म्हणून माझं नाव घातलं. दोघींना उघडता येईल, मशीनवर चालवता येईल, टाका मात्र हलवता येणार नाही. मोठ्या वहिनींची हुकमाची मुभाही मी त्याच बैठकीत काढून माझ्या खात्याला दिली.



“बघितलंस?” मोठ्या वहिनी धाकटीला म्हणाल्या. गुरुवारनंतरचं दोघींमधलं पहिलं न भांडता बोललेलं वाक्य. “एक टाका घातला नाही, आणि मालकीण झाल्या.”

“नणंद ती नणंदच, ताई,” धाकटी म्हणाली.

चहाही न विचारता दोघींनी मला दारापर्यंत पोचवलं.

महिन्याभरात धाकटी तिच्या नक्ष्या घेऊन वेगळी झाली. तिचा नवा संगणकही मीच बसवून दिला, आणि पक्षी तिथेही माझ्याच नावावर ठेवला. येणंजाणं तुटलंच आहे. हॉटेलवाला मात्र दोघींकडूनही टॉवेल घेतो. परवा त्याला पक्ष्याची चोच जरा लांब हवी होती. सकाळी मोठ्या वहिनींचा फोन आला, दुपारी धाकटीचा, आणि दोघींनी मला अगदी सारख्याच शब्दांत सुनावलं: “एक टाका घातला नाहीत, आणि मालकीण झालात.”