हलकी साइडकार, जड पेटी

देवाने घड्याळजींना हात नाजूक दिले, नजर बारीक दिली, आणि बायको अशी दिली की तिने एक सूर लावला की टेकडीवरच्या प्रार्थनाघरात पेंगणारे म्हातारे ताठ बसायचे. मागायचं म्हणून काही उरलं नव्हतं. पण जिन्यावरून पाय घसरायचं निमित्त झालं, बाईंचा उजवा गुडघा वाकेनासा झाला, आणि घरातलं गाणंच थांबलं.

मोटारसायकलवर मागे बसायचं तर पाय वाकायला हवा. बंद गाडीत त्यांना मळमळायचं. टेकडीचा चढ पायी चढणं तर सोडाच.

"जायचंच कशाला? देव काय घरात नाही?" बाई म्हणायच्या. पण पेटीवरची खोळ काही निघत नव्हती. भांडी घासताना गुणगुणणाऱ्या बाई आता नुसती भांडी घासत. दुकानभर घड्याळं टिकटिकत असली, तरी घड्याळजींच्या कानाला तेवढं एक बंद पडलेलं जाणवायचं. ते काही त्यांना सुखाने जेवू देईना.

शेवटी त्यांनी साइडकारचा ध्यास घेतला. शेजारच्या गल्लीत एका वेल्डरबाईंचं वर्कशॉप होतं. हात लोखंडाचे, जीभ त्याहून कडक. घड्याळजी आपली जुनी, लहान इंजिनाची मोटारसायकल ढकलत निघाले, मागून काठी टेकत बाई. कॅरिअरला एक गाठोडं बांधलेलं होतं.

"त्यात काय आहे?"

"काही नाही गं. मापाला."

"पेटी आणलीत ना? मी सांगते, ती परत घरी न्यायची."

वर्कशॉपमध्ये पाऊल टाकताच घड्याळजी एका साइडकारपुढे हात जोडायचेच बाकी राहिले. पोलादी, निळीशार, वर टप, बाजूला दार, आत लाल मखमल. राणीने बसावं अशी.

"हीच!" ते म्हणाले.

वेल्डरबाईंनी हातमोजे काढले. "काका, तुम्हाला काकूंना न्यायचंय की लोखंडाला? मनगटी घड्याळाची स्प्रिंग घेऊन मनोऱ्यावरचे काटे फिरवायला निघालात. ही मोठ्या इंजिनामागे शोभते. तुमच्या या पोरसवदा गाडीला ती बघा, हलकी." कोपऱ्यात एक उघडी, पत्र्याची, आंघोळीच्या टबासारखी साइडकार पडली होती.

"त्या घमेल्यात? हिला? लग्न झाल्यापासून हिने माझ्यामागे पाऊस खाल्ला, धूळ खाल्ली. आता तरी मखमलीवर बसू दे."

"बसू दे. जोडून देते. चढ काय ते सांगेल."

वर्कशॉपमागे एक रस्ता थेट वर जात होता. निळी साइडकार डाव्या बाजूला जोडली, बाई पाय लांब करून आत बसल्या, दार लागलं. घड्याळजींनी मनोमन देवाचं नाव घेतलं आणि गाडी निघाली. सुरुवात दिमाखात झाली. अर्ध्या चढावर इंजिन खोकू लागलं, क्लचचा जळका वास सुटला, आणि गाडीने तिथेच बसकण मारली. घड्याळजी दोन्ही ब्रेक आवळून घामाघूम. मागून वेल्डरबाईंनी चाकाला दगड लावला.

टपाखालून आवाज आला, "अहो, पोचलो का?"

वेल्डरबाई खो खो हसल्या. बाईही हसल्या. घड्याळजींचे मात्र डोळे भरून आले.

"असं काय करता?" बाईंनी दारातून हात काढून त्यांची बाही ओढली. "खरं सांगू? आत कोंडल्यासारखं होतं. वारा नाही की आभाळ नाही. मला तो टब दाखवा बरं."

मग टब आला. बाईंना चढता यावं म्हणून वेल्डरबाईंनी एका बाजूची कड कापून खाली घेतली, धार घासली, तळाशी गादी घातली. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला मोठं दातेरी चक्र बसवलं. "वेग कमी होईल, ओढ वाढेल." हे मात्र घड्याळजींना लगेच पटलं. दात्यांचा हिशेब त्यांच्या घरचाच होता.

आधी बाईंना न बसवता अंगणात एक चक्कर मारली. उजव्या वळणावर झकास. डाव्या वळणावर साइडकारचं चाक अलगद वर उचललं गेलं.

"बघा!" घड्याळजी ओरडले. "उडतेय ही! हिला यात बसवू मी?"

वेल्डरबाईंनी पहिल्यांदाच डोकं खाजवलं. "इतकी हलकी निघेल असं नव्हतं वाटलं. काकू बसल्या की दबेल, पण काकू म्हणजे चिमणी. बाहेरच्या कडेला भार हवा. वाळूची गोणी टाकू का?"

बाई कॅरिअरवरच्या गाठोड्याकडे बघत उभ्या होत्या. मग काठी भिंतीला टेकवून त्या स्वतःच गाठ सोडू लागल्या.

"वाळू कशाला? ही आहे की. उचलायला तुमचे दोन्ही हात लागतात."

पेटी बाहेरच्या कडेला ठेवून पट्ट्याने आवळली. बाई तिच्या शेजारी बसल्या, पाय सरळ, मांडीवर काही नाही, डोक्यावर आभाळ. पुन्हा डावं वळण. बाई तालावर झुलावं तशा डावीकडे झुकल्या आणि चाक जमिनीला चिकटून राहिलं.

"वा, काकू! हे कोणी शिकवलं?"

"गाताना मी अशीच झुलते. यालाच तर लोक हसतात."

वर्कशॉपमधून निघाले ते थेट टेकडीच्या रस्त्याला लागले. संध्याकाळची प्रार्थना सुरू व्हायची होती. चढ आला. घड्याळजींनी पहिला गिअर टाकला. इंजिन खोकलं नाही, थांबलं नाही. एका संथ आवाजात घुमत, मुंगीच्या चालीने वर जाऊ लागलं. बाजूने चालणारा एक माणूस त्यांना मागे टाकून गेला. जाऊ दे बापडा.

वळणावर बाईंनी खोळ मागे सारली, भाता हलवत एक पट्टी दाबली, कान दिला, दुसरी दाबली. इंजिनाच्या घुमण्यात ती पट्टी मिसळून गेली.

आणि बाईंनी सूर लावला.

इतक्या दिवसांचा दाबलेला, जरा खरखरीत, पण भरभरून. घड्याळजींना रस्ता धूसर दिसू लागला. वरच्या प्रार्थनाघराच्या खिडक्यांतून एकेक डोकं बाहेर आलं. पुढे थोडी सपाटी होती, म्हणून त्यांचा पाय सवयीने गिअरकडे गेला.

"अहो, खबरदार!" बाई ओळ तोडून ओरडल्या. "गिअर बदलू नका! माझा सूर जाईल!"

घड्याळजींनी पाय मागे घेतला. सपाट रस्त्यावरही ते पहिल्याच गिअरमध्ये, देवाच्या दारापर्यंत तसेच घुमत गेले.