तुळजाची रायफल

चीनशी झालेल्या लढाईनंतर बेंगळुरातल्या एका रायफल क्लबात परदेशातून जुन्या लष्करी रायफली आल्या. आज बसवनगुडीच्या कॉलेजातल्या मुली त्या चालवणार होत्या. रायफली साफ करताना क्लबाचा शस्त्र-कारागीर मालोजीनं घाईत सगळे बोल्ट, म्हणजे काडतूस मागून अडवणारे दांडे, एकाच घमेल्यात रॉकेलमध्ये टाकले आणि हाताला येईल तो बसवला. दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट बसला तर काडतुसामागे फट राहते आणि ते तोंडासमोर फुटू शकतं. हे काय त्याला ठाऊक नव्हतं?

सकाळी त्यानं ती फट मोजायचं गेज लावून एकच रायफल नीट केली आणि ती आपल्या लेकीच्या, तुळजाच्या हातात दिली. बाकीच्या रायफली तपासायला वेळ कुठं होता?

"अण्णांनी सगळ्या तपासल्यात, भिऊ नका गं," तुळजा मैत्रिणींना म्हणाली. मुली निवांत पालथ्या झाल्या, दस्त्यांना गाल टेकले.

"थांबा! कुणी काडतूस भरू नका!" मालोजी ओरडला.

सगळ्यांसमोर त्यानं एकेका रायफलीत गेज घातलं. दोन बाद निघाल्या. मग तो गेज पुसायला लागला.

"अण्णा, माझी राहिली की," तुळजा म्हणाली.

"तुझी सकाळीच तपासलीय," गेज पुसत मालोजी म्हणाला. तुळजानं रायफल हळूच खाली ठेवली आणि पुन्हा उचलली नाही.