अस्तरातलं टोकन

शिंपीमास्तरांचा जगात कुणावर विश्वास असलाच तर तो स्वतःच्या टाक्यावर. चाळीस वर्षं त्यांनी कोट शिवले आणि एकुलत्या एक लेकीला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट बजावली: चुकलं तर उसवायचं, फाडायचं नाही. याच लेकीनं दोन वर्षांपूर्वी मेट्रोत काम करणारा मुलगा पसंत केला. "जमिनीखाली नोकरी करणाऱ्याला मी मुलगी देत नाही," मास्तर म्हणाले. लेक शहरात निघून गेली आणि बोलणं तुटलं.

आज अकरा वाजता तिचं नोंदणी लग्न होतं. पत्र आलं होतं ते होणाऱ्या जावयाचं. "तिसऱ्या साक्षीदाराची जागा तिनं तुमच्यासाठी ठेवली आहे. अकरापर्यंत आला नाहीत तर शेजारचे काका सही करतील." खाली मेट्रोनं सुखरूप कसं यावं याच्या सूचना, दोन पानं भरून. पोरगा पाल्हाळिक होता, पण अक्षर चांगलं होतं, हे मास्तरांना नाइलाजानं मान्य करावं लागलं.

या दिवसासाठी त्यांनी स्वतःला नवा कोट शिवला होता. बसमधून उतरून ते स्टेशनात शिरले, तर तपासणीतच पहिला घोळ झाला. रखवालदारानं पिशवीतली कात्री काढून घेतली आणि चिठ्ठी दिली, परत जाताना घ्या म्हणाला. कॉलरच्या आत टोचलेली सुई-दोऱ्याची जोडी त्याच्या नजरेतून सुटली. मास्तरांनीही ती दाखवायचा उत्साह दाखवला नाही.

पुढं सगळं पत्राबरहुकूम. पिवळ्या रेषेच्या मागं उभे राहिले, इतके मागं की पहिली गाडी तशीच निघून गेली. दुसरीत आधी उतरणाऱ्यांना उतरू दिलं, मग चढले. दाराला टेकले नाहीत. बसायला जागा मिळाली आणि मास्तरांनी दुसरं पान उघडलं. 'टोकन जपा, बाहेर पडताना ते फाटकात टाकावं लागतं.' तेवढ्यात वरच्या भोंग्यातून एक बाई बोलली की आपलं सामान आणि खिसे सांभाळा. दोन स्टेशनांनंतर ती पुन्हा तेच बोलली. एवढं ज्या अर्थी सांगतात त्या अर्थी डब्यात चोर असणारच, असं मास्तरांच्या मनानं घेतलं.

त्यांनी कोट काढून मांडीवर घेतला. टोकन, पाकीट आणि ओळखपत्र आतल्या खिशात घातलं, कॉलरमधली सुई काढली आणि खिशाचं तोंड शिवून टाकलं. बारीक, दुहेरी, न दिसणारा टाका. दोरा दातानं तोडला. समोरची बाई डोळे फाडून बघत होती, तिच्याकडे त्यांनी संशयानं पाहिलं.

उतरायचं स्टेशन आलं तेव्हा अकराला वीस मिनिटं कमी होती. फाटकापाशी मास्तर थांबले आणि त्यांचा हात कात्रीसाठी पिशवीत गेला. पिशवीत चिठ्ठी होती.

"आजोबा, टोकन?" फाटकावरच्या बाईंनी विचारलं.

"आहे. शिवलंय."

बाईंनी क्षणभर विचार केला. "हरवलं असेल तर दंड भरून जाता येतं."

"पैसेही शिवलेत."

कोपऱ्यात उभं राहून ते सुईनं एकेक टाका उचलू लागले. स्वतःचंच काम ते, दाद देईना. पाच मिनिटांत तीन टाके सुटले. एरवी मास्तरांना अभिमान वाटला असता, आज स्वतःच्या हातांचा राग आला. घड्याळात अकराला तेरा कमी. शेजारचे काका एव्हाना पेन काढून बसले असतील, असं त्यांना वाटलं. त्यांनी सुई पुन्हा कॉलरखाली टोचली, खिशाच्या दोन्ही बाजू धरल्या, डोळे मिटले आणि नवं कोरं अस्तर टरकन फाडलं.

टोकन फाटकात पडलं. स्टेशनात धावू नये असंही पत्रात लिहिलं होतं. मास्तर धावले.

नोंदणी कार्यालय जिन्याच्या वर होतं. अकराला दोन मिनिटं असताना ते दारात पोचले. कारकुनाच्या टेबलापाशी शेजारचे काका खरोखरच पेन उघडून बसले होते. लेकीनं वळून पाहिलं. मास्तरांना काहीतरी बोलायचं होतं, पण धाप लागली होती आणि कोटाखालून अस्तर गुडघ्यापर्यंत लोंबत होतं.

ती जवळ आली. अस्तराची कड दोन बोटांत धरून तिनं ती निरखली, लहानपणी बिघडलेलं काम निरखायची तशी.

"फाडलंत?"

"उसवायला वेळ नव्हता."

तिनं वडिलांच्या कॉलरखाली हात घातला, जिथं सुई असते हे तिला माहीत होतं, आणि ती बाहेर काढली.

"चला, नंबर आला," कारकून म्हणाला.

"दोन मिनिटं थांबा," तिनं सांगितलं. "माझ्या साक्षीदाराचा कोट शिवायचाय. बाबा, हात वर करा."

मास्तरांनी हात वर केला. काकांनी पेनाचं टोपण लावलं.