करमच्या टोपलीतले सोने

सर्जापूर रोडवरील आमच्या संकुलाच्या सभागृहात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. नरसिंहरावस्वामींनी टोपलीवरचे काळे वस्त्र दूर केले आणि दोनशे सुशिक्षित कंठांतून एकच चीत्कार निघाला. वाळूत उगवलेले जवाचे अंकुर सोन्यासारखे पिवळे होते.

"आदिवासींच्या करम उत्सवातले हे गुप्त बीजतेज!" स्वामी गर्जले. "मंत्राने पिवळे झालेले! याचा रस घ्या, मधुमेह गेला! मात्र इंजेक्शनचे विष बंद. आणि शंका स्वल्पसुद्धा नको. शंकेने सोने हिरवे पडते!"

शेजारची शुभदा स्वामींकडून अशीच एक टोपली घेऊन निघाली. तिच्या नऊ वर्षांच्या सिद्धीचे जगणे इन्सुलिनवर अवलंबून होते.

"शुभदा, इन्सुलिन थांबवू नकोस," मी म्हणालो. "दोन दिवसांत जिवावर बेतेल."

"काका, चार वर्षं टोचतेय मी तिला. तुम्ही बॉटनीचे सर ना? मग हे हिरवे करून दाखवा. लगेच सुरू करते."

मी संकुलाच्या बागेत काम करणाऱ्या सोमारी उराँवकडे गेलो. ती मूळची झारखंडची, जवळच्या मजुरांच्या वस्तीत राहणारी. ऐकून ती खळखळून हसली. "बाबूजी, ये तो जावा है. हमारी लड़कियाँ हर साल उगाती हैं. अँधेरे में पीला, धूप में हरा. स्वामीजी पिछले साल हमारी बस्ती में खाना खाकर गए, सब देखकर गए!"

करम हा त्यांचा भाद्रपदातला पिकाचा सण. मुली धान्य पेरतात, हळदीचे पाणी शिंपतात, टोपल्या काळोखात ठेवतात आणि त्यांच्याभोवती नाचतात. प्रकाशावाचून हरितद्रव्य तयार होत नाही, म्हणून हे अंकुर, म्हणजेच जावा, पिवळे. यात गुप्त काहीच नाही.

मी शुभदाची टोपली उन्हात ठेवली. मंगळवारी ती हिरवीगार झाली. ती, आणि सोबत सोमारीच्या वस्तीत सणासाठी उगवलेली, मंत्रावाचून पिवळी झालेली दुसरी, अशा दोन्ही सोमारीने आणि मी सभागृहात स्वामींसमोर मांडल्या.

"पाहा, सरांच्या शंकेने सोने मेले!" स्वामी हसले. "आणि ही पिवळी? अक्का, तुमच्या तर रक्तातच मंत्र आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "मेरे खून में?" सोमारी म्हणाली. "अरे, टोकरी के ऊपर बोरा डाला था!" तिचे कोणी ऐकले नाही. शुभदानेही रविवारपासून थांबवलेले इन्सुलिन पुन्हा सुरू केले नाही.

त्याच संध्याकाळी सिद्धीला धाप लागली. बुधवारी पहाटे अतिदक्षता विभागात तिने प्राण सोडला.

शुभदा विभागाबाहेरच्या बाकावर बसली होती. मी जवळ गेलो. तिने वर पाहिले.

"मीच तुम्हाला ते हिरवं करायला सांगितलं, काका. माझीच श्रद्धा कमी पडली."

पुढच्या रविवारी सभागृहाबाहेरही खुर्च्या मांडाव्या लागल्या.

हे वाचणाऱ्याला माझी विनंती एवढीच: जो दावा खरा ठरला तर स्वामींचा विजय आणि खोटा ठरला तर तुमचा दोष, त्याच्या स्वाधीन आपले मूल करू नका. डॉक्टरांना विचारल्यावाचून इन्सुलिन थांबवू नका.